अलीफजाचे खरे वाक्य

महापूर आला, साथ आली, की एक विधान प्रवचनांतून आणि व्हॉट्सॲपवरून हमखास फिरू लागते: ही देवाने आपल्या लेकरांना लावलेली शिस्त आहे, पश्चात्ताप करा. आधाराला इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय दिला जातो. बापाची ज्या मुलावर प्रीती असते त्यालाच तो शासन करतो, हा तिथला विचार मुळात नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातला आहे आणि मी तो मनापासून मानतो. तरीही ते विधान ऐकले की अंगावर काटा येतो. त्याला विरोध करणारेही बहुधा तितकेच उथळ बोलतात. देव कधी कोपतच नाही असे म्हणणाऱ्यांना आमोस आणि यिर्मया बायबलमधून काढून टाकावे लागतील. विश्वास असला की दुःख येत नाही, असे सांगणाऱ्या समृद्धीच्या सुवार्तेला क्रूसानेच उत्तर दिले आहे. तिच्यावर इथे वेळ घालवत नाही.

माझा वाद ईयोबाचा मित्र अलीफज तेमानी याच्याशी आहे. ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा त्यांनी झगे फाडले, डोक्यावर धूळ उधळली आणि सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख पाहून कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. ईयोबानेच मौन सोडल्यावर अलीफज बोलू लागला. ईयोबाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की देव ज्याचे ताडन करतो तो धन्य, त्याच्या शासनाचा अव्हेर करू नकोस, जखम करणारा तोच आणि ती बांधणाराही तोच. नीतिसूत्रांतला विचार याच्या शेजारी ठेवला तर फरक शोधावा लागतो. असे असूनही बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर अलीफजालाच सांगतो, की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाला जाब विचारणारा, त्याच्याशी न्यायासाठी भांडणारा ईयोब मात्र यथार्थ बोलला.

तोच विचार एके ठिकाणी पवित्र वचन ठरतो आणि दुसरीकडे देवाचा कोप ओढवतो, हे कसे? माझ्या मते सगळे काही तो कोणाच्या तोंडी आहे यावर ठरते. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की मी पीडित झालो ते माझ्या हिताचे झाले; तो स्वतःच्या दुःखाविषयी बोलतो. इब्री पत्राचा लेखक छळ सोसणाऱ्यांना लिहिताना 'आपण' म्हणतो आणि आधी येशूच्या क्रूसाकडे बोट दाखवतो. तो क्रूस काही येशूच्या पापाचे फळ नव्हता. शिवाय शासनाचे फळ पुढे मिळते, त्या क्षणी ते दुःखाचेच वाटते, हेही तो प्रांजळपणे सांगतो. म्हणजे शासन ही सोसणाऱ्याने, सोसून झाल्यावर, मागे वळून ओळखण्याची गोष्ट आहे. अलीफज ते दुसऱ्याच्या पाठीवर, जखम ओली असताना वाचू लागला. दुःखिताची ती साक्ष असते. बघ्याच्या तोंडी तिचे निदान होते. साक्षीचा हक्क दुःखिताला आहे. निदानाचा हक्क शास्त्राने कुणाला दिल्याचे मला दिसत नाही.

मग संदेष्ट्यांचे काय, असे विचारले जाते. नाथानाने दावीदाला तोंडावर सुनावले होतेच. पण नाथान काय पाहून बोलला? दावीदाच्या घरी तेव्हा संकट नव्हते, राजा सुखात होता. नाथानाला बथशेबेचे प्रकरण ठाऊक होते, उरीयाचा खून ठाऊक होता. आमोस दुष्काळाची आणि टोळांची आठवण करून देतो खरा, पण त्याआधीच, दुसऱ्या अध्यायात, पायतणांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांना त्याने धरलेले असते. संदेष्टा पापाकडून परिणामाकडे जातो, अलीफज दुःखाकडून पापाकडे. आणि पाप सापडलेच नाही तर? त्यासाठी बाविसावा अध्याय वाचावा. ज्याला देवाने सात्त्विक आणि सरळ म्हटले, त्याच ईयोबावर अलीफज आरोप करतो: तू तहानेल्याला पाणी दिले नाहीस, उघड्यांची वस्त्रे काढून घेतलीस, विधवांना रिकाम्या हाताने घालवलेस. पुरावा कसलाच नाही. सिद्धांताला पाप हवे होते, म्हणून ते रचले गेले. सांत्वनाला आलेला मित्र खोटा साक्षीदार होऊन बसला. आम्ही प्रेमापोटीच सांगतो, असे म्हणणाऱ्यांनी पाचव्या अध्यायापासून बाविसाव्यापर्यंतचा हा प्रवास पुन्हा पुन्हा वाचावा.

हा मोह फक्त ख्रिस्ती प्रवचनकारांना होतो असेही नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे मेली. गांधीजींनी त्यात अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन पाहिले आणि रवींद्रनाथांनी त्यांना जाहीर विरोध केला. गांधीजींच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. त्या पापाविरुद्ध ते भूकंपाच्या कितीतरी आधीपासून बोलत होते, आणि ते त्याला आपले पाप म्हणत होते. म्हणून मी त्यांना अलीफजाच्या पंक्तीला बसवणार नाही. पण 'आपण' म्हणणारे जिवंत होते आणि घरे कोसळली ती दुसऱ्यांच्या अंगावर. त्यांत अस्पृश्यांचीही असणारच. रवींद्रनाथांचा आक्षेप विवेकबुद्धीचा होता. बायबलच्या वाटेने गेलो तरी मी तिथेच पोहोचतो.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा ती अधिक अपराधी होती काय, असे येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच पश्चात्तापाची हाकही देतो, पण समोर उभ्या असलेल्यांना. मेलेल्यांच्या पापाविषयी तो अवाक्षर काढत नाही.

निदानाच्या धाकाने जो पश्चात्ताप होतो तो शौल राजाच्या जातीचा असतो. अमालेक्यांची उत्तम मेंढरे राखून ठेवल्याबद्दल शमुवेलाने जाब विचारला, तेव्हा शौलाने आधी दोष लोकांवर ढकलला. नंतर पाप कबूल केले आणि त्याच दमात विनवले की वडील मंडळींसमोर माझा मान राख. नाथानापुढची दावीदाची कबुली अगदी थोडक्यात आहे. क्षमा मिळाली, तरीही बथशेबेपासून झालेले त्याचे बालक मेले. इथे मी अडखळतो. आईबापाच्या पापापायी त्या लेकराचे मरण प्रीतीच्या शासनात कसे बसते ते मला उलगडत नाही, आणि ते सहज उलगडून सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. एवढे मात्र दिसते की बालक जिवंत असेपर्यंत उपास करणारा दावीद ते गेल्यावर उठला, स्नान केले आणि आधी परमेश्वराच्या घरी जाऊन दंडवत घातला. मागण्यासारखे काही उरले नसताना तो तिथे गेला. आज्ञापालन मला त्या क्षणी सुरू झालेले दिसते.

निदान सोडले तर मंडळीची पश्चात्तापाची हाक बोथट होईल, अशी भीती घातली जाते. मला ती मुळीच पटत नाही. अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते असे याकोबाचे पत्र सांगते, आणि मजुरी अडकवणारे उपासनेला पहिल्या बाकावर बसलेले असू शकतात. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात अजून विचारली जाते. यांविषयी पाळकांना येत्या रविवारीच बोलता येईल. त्यासाठी कुणाच्या घरी कॅन्सर निघेपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही.