नळीला मानवणारी गोळी

हैदराबादेत गच्चीबावलीला सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या आवारात जी नेमबाजीची रेंज आहे, तिथे एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे वळलेल्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, सबसे अच्छी गोली कौनसी?" त्याला एक नाव हवं असतं. नावं त्याने ऐकलेलीही असतात: एली टेनेक्स, लापुआ, आरडब्ल्यूएस. घरच्यांनी परवान्यासाठी खेपा घातलेल्या असतात, पैसे बाजूला काढलेले असतात, आता फक्त कुणीतरी नाव सांगायचं बाकी असतं. जुनी मंडळी ते सांगत नाहीत. उलट विचारतात, रायफल कुठली? त्याने अ‍ॅन्शुट्झ किंवा वॉल्थर म्हटलं तरी समाधान होत नाही. ती बनावट नव्हे बाबा, तुझी रायफल. ही जी तुझ्या हातात आहे ती.

यात आडमुठेपणा नाही. सगळ्यांत चांगली गोळी अशी वस्तू या खेळात नसतेच. असते ती अमुक नळीला मानवणारी गोळी, आणि तीही अमुक दिवशी अमुक यंत्रावर तयार झालेल्या खेपेतली. हे ऐकायला गूढ वाटतं, पण त्यामागे साधी कारणं आहेत.

पॉइंट टू-टूचं काडतूस, ज्याला लाँग रायफल म्हणतात, ते १८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने काढलं आणि आजतागायत फारसं बदललेलं नाही. करंगळीच्या एका पेराएवढी पितळी पुंगळी, तिच्या तोंडाशी २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, गोळीवर मेणचट वंगणाचा हात. खरी गंमत बुडाशी आहे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. इथे टोपी नाही. पुंगळीची जी कड बाहेर आलेली असते ती आतून पोकळ असते, आणि ठिणगी पाडणारा मसाला ओला असतानाच गरगर फिरवून त्या कडेत पसरवतात. घोड्याचा चाप ओढला की पिन ती कड चेपते, मसाला पेटतो, चिमूटभर दारू जळते.

मोठ्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा वापरता येते. टोपी बदला, दारू मोजून भरा, हवी ती गोळी बसवा. जगभरचे हौशी नेमबाज आपापल्या रायफलीला रुचेल असा भरणा घरी बसून करतात. कडेतून पेटणाऱ्या या काडतुसाला, म्हणजे रिमफायरला, ती सोय नाही. कड एकदा चेपली की पुंगळी भंगारात. कारखान्याने जे बंद करून पाठवलं त्यात तुम्हाला काडीचाही बदल करता येत नाही; हातात उरते ती फक्त निवड. म्हणून या छोट्या, स्वस्त, निरुपद्रवी वाटणाऱ्या काडतुसाची निवड मोठ्या काडतुसापेक्षा अधिक कटकटीची होऊन बसते.

आता निवडायचं काय? पहिला मोह वेगाचा होतो. डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं असतं आणि जोरात जाणारी गोळी सरळ जाईल असं मनाला पटतं. प्रत्यक्षात स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाची करतात, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. हाय व्हेलॉसिटी गोळी ३८० च्या आसपास निघते आणि हवेचा रोध सोसत ५० मीटरच्या लक्ष्याजवळ येईतो ध्वनीच्या वेगापाशी उतरते. त्या उंबरठ्यावर हवेचा धक्का सर्वांत वाईट बसतो. आणखी एक गोष्ट नवख्यांना खरी वाटत नाही: आडव्या वाऱ्यात ही वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा जास्त वाहते. कारण वाहून जाणं हे गोळीला किती वेळ लागला यावर नव्हे, तर हवेने तिला किती मागे रेटलं यावर ठरतं, आणि ध्वनीच्या वेगाजवळ हवा तिला जास्त रेटते. हैदराबादच्या उन्हाचे आपण कितीही हाल सांगितले तरी या बाबतीत ते आपल्या बाजूचं आहे. ध्वनीचा वेग १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर, तर मेमधल्या ४० अंशांना ३५५ च्या आसपास. संथ गोळी आणि तो उंबरठा यांत इथे भरपूर अंतर राहतं. गोठणबिंदूजवळच्या युरोपीय हिवाळ्यात ते जवळपास उरत नाही.

वेग कमी हवा, हे ठरलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सारखा हवा. इथे थोडं गणित करू. सेकंदाला ३२५ मीटरने निघालेल्या गोळीला ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. ते साईटमध्ये धरलेलं असतं, त्याची चिंता नाही. पण पुढची गोळी सेकंदाला १० मीटरने संथ निघाली तर ती आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागेल. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि एका वर्तुळापासून पुढचं ८ मिलिमीटरवर. अंतिम फेरीत तर दशांश मोजतात. तिथे प्रत्येक ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. चांगल्यातल्या चांगल्या डब्यातही सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ गोळीत १० मीटरचा फरक सहज सापडतो. नेम परिपूर्ण, श्वास परिपूर्ण, चाप परिपूर्ण, तरी उभ्या रेषेत ७ मिलिमीटर गेलेच.

मग तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ कसे मारले? साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. कोल्हापूरच्या त्या मुलीचं कौशल्य तर आहेच, पण कौशल्य गोळीचा वेग बदलू शकत नाही. गणिताप्रमाणे उभी पट्टी पडायला हवी. चांगली जमलेली रायफल आणि गोळी मात्र लक्ष्यावर एकच गोल भोक पाडतात. तो फरक कुठेतरी गिळला जातो.

गिळते ती नळी. गोळी नळीतून जाते ते दोन-तीन मिलिसेकंद नळी स्वस्थ नसते. दारूच्या धक्क्याने ती थरथरते, तोंड वर-खाली डोलतं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं. वेगवान गोळी लवकर बाहेर पडते, संथ गोळी किंचित उशिरा. तोंड वर जात असतानाच दोघी बाहेर पडल्या, तर संथ गोळीला उशिरा निघाल्यामुळे थोडं वरचं तोंड मिळतं, आणि ती जेवढी जास्त पडणार असते तेवढी उचलली जाते. दोघी लक्ष्यावर एकाच जागी पोचतात. तोंड खाली येत असताना बाहेर पडल्या, तर उलट होतं. चूक दुप्पट होते. गोळी नेमकी केव्हा बाहेर पडणार हे दारूच्या जळण्यावर, शिशाच्या मऊपणावर, वंगणावर, आणि तोंड कधी वर जाणार हे नळीची लांबी, जाडी, पोलाद, ती लाकडात कशी बसवली आहे यावर ठरतं. शिवाय चेंबर इतकं घट्ट असतं की बोल्ट बंद करतानाच गोळीवर आट्यांचे वळ उठतात. तो आवळ प्रत्येक नळीत केसभर निराळा. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन नळ्या म्हणून वेगळ्या वागतात. आता कळेल, जुनी मंडळी बनावटीचं नाव ऐकून गप्प का बसत नाहीत.

तीच गोष्ट काडतुसाच्या बाजूने. देवगडच्या एकाच बागेतल्या हापूसच्या दोन पेट्या सारख्या पिकत नाहीत, तसंच आहे हे. दारूची नवी पोती उघडली, शिशाचा नवा वेटोळा लागला, कडेत मसाला पसरवणाऱ्या यंत्राचा साचा झिजला, की काडतूस बदलतं. म्हणून प्रत्येक डब्यावर लॉट नंबर असतो. एली तर डब्यावर त्या लॉटचा मोजलेला वेगही छापते. अनुभवी नेमबाज दुकानात ब्रँडची बाजू वाचत नाही; डबा उलटा करून हा नंबर वाचतो. महागाच्या डब्याबद्दलही एक सांगायला हवं. कारखान्यातल्या वरच्या दोन-तीन प्रतींमधला फरक बरेचदा बनावटीपेक्षा चाचणीचा असतो: ज्या खेपेने कारखान्याच्या नळ्यांतून सर्वांत चांगला गट दिला तिला वरचं नाव मिळतं. कारखान्याच्या नळ्यांतून, तुमच्या नव्हे. मधल्या प्रतीचा एखादा लॉट तुमच्या रायफलीत वरच्या प्रतीला धूळ चारतो तो यामुळेच.

या सगळ्यावर एकच उपाय आहे, मारून बघणं. एनसीसीत ज्यांनी पंचवीस मीटरवर पालथं पडून पाच राउंड मारले आहेत त्यांना ग्रुपिंग हा शब्द पाठ असेल. गोळ्या मधोमध लागल्या का हे तिथे कुणी विचारत नाही; एकमेकींजवळ लागल्या का, एवढंच. मध्यावर आणायला साईटचे क्लिक आहेत. कॅडेटला हे ज्या खडकीच्या गोळ्यांनी शिकवतात (पुण्याचा तो दारूगोळा कारखाना १८६९ चा) त्या शिकण्यासाठीच आहेत, पण रीत जागतिक विजेत्याचीही हीच.

सकाळी लवकर जावं, कारण मृग लागल्यापासून पठारावरचं वारं दहाच्या पुढे कुणाचं ऐकत नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची. आधीच्या गोळीचं वंगण नळीत बसलेलं असतं, म्हणून नव्या लॉटच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मातीत जाऊ द्यायच्या आणि त्यांचा हिशेब धरायचा नाही. मग दहाचा एक गट, पुन्हा दहा, पुन्हा दहा. समोर दोन कार्डं आली असं धरा. पहिल्यावर नऊ गोळ्यांचं मिळून एकच भोक, शर्टाच्या बटणाएवढं, आणि दहावी मात्र दोन वर्तुळं खाली, एकटीच. दुसऱ्यावर भोक थोडं मोठं, कडा खडबडीत, पण गोल, आणि बाहेर कुणी नाही. नवा मुलगा पहिलं कार्ड उचलतो आणि त्या दहाव्या गोळीला "मेरा हाथ हिला" म्हणून माफ करतो. पिशवीवर टेकवलेल्या रायफलीत हात कुठला हलणार? ती गोळी डब्यातून आलेली आहे, आणि साठ गोळ्यांच्या स्पर्धेत तिच्या पाच-सहा बहिणी येणार आहेत. मी दुसरं कार्ड घेईन.

पण दोन कार्डांवरून काहीही ठरवणं हासुद्धा जुगारच आहे. एकाच डब्यातून पाच-पाच गोळ्यांचे दहा गट मारा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या गटात दुपटीचा फरक निघेल, आणि गोळी तर तीच आहे. बारा लॉट आणून प्रत्येकाचा एकेक गट मारला तर जिंकतो तो बहुधा नशीबवान लॉट. म्हणून पहिल्या फेरीतले चार-पाच ठेवून त्यांचे चाळीस-चाळीस शॉट मारावे लागतात. कडेची जाडी मापकाने मोजून गोळ्या वेगळ्या करणारेही आहेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. तेवढ्या वेळात आणखी एक लॉट तपासला तर जास्त हाती लागतं असं माझं मत.

युरोपातल्या नेमबाजाला हे सोपं जातं. तो आपली नळी घेऊन बर्मिंगहॅमला एलीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे जातो, ते ती पोलादी पकडीत बसवून दिवसभरात पाहिजे तितके लॉट मारून देतात, आणि तो निवडलेल्या लॉटचे हजारो राउंड राखून ठेवून घरी येतो. आपल्याकडे परवाना, आयातीची परवानगी, मर्यादित कोटा, आणि मग जे जहाजातून आलं ते. निवड करायला समोर एकच लॉट असेल तर निवड कसली? गगन नारंगने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशनचं सुवर्ण जिंकलं तेव्हा हैदराबादने पेढे वाटले. या बाजूचा विचार पेढे वाटणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी केला असेल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली याच प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं पदकानंतर वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचलं. गोळीची किंमत त्यातून कळली. चाचणीत उडालेल्या गोळ्याही त्याच पैशांतून जातात हे त्या बातम्यांत नव्हतं. (हैदराबादच्याच ईशा सिंगच्या २५ मीटर पिस्तुलातही हेच काडतूस लागतं, पण तिथला पहिला निकष वेगळा: आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात ते अडकता कामा नये. दहाचं वर्तुळही कितीतरी मोठं.)

म्हणून इथल्या नेमबाजाने आपली रीत बसवली आहे. क्लबच्या साठ्यात जे दोन-तीन लॉट आहेत ते सगळे मारून बघायचे. माझ्या रायफलीने नाकारलेला लॉट शेजारच्या लेनवरच्या रायफलीला आवडू शकतो, म्हणून क्लबच्या वहीत कुठला लॉट कुणाच्या नळीत कसा गेला याची नोंद ठेवायची. मानवलेला लॉट स्पर्धेसाठी झाकून ठेवायचा. परदेशी जाताना विमानात माणशी पाच किलोच काडतुसं नेता येतात, म्हणजे साधारण दीड हजार, तेव्हा ती तीच असायला हवीत. सराव स्वस्त गोळीवर. स्वस्त गोळी वेगळ्या जागी लागते. सरावाकडून स्पर्धेकडे येताना साईट किती क्लिक वर आणि किती डावीकडे न्यायची, ते आकडे बहुतेकांच्या रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले असतात, लॉट नंबरासकट, आणि लॉट संपला की वरून नवी चिठ्ठी लागते.