‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘ऑं’

परभाषेतून स्वतःचा सण सांगताना शब्दांपेक्षा सर्वनामाची अडचण अधिक मूलगामी ठरते. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘फेत’ ही संज्ञा लवकर सापडते. सण, उत्सव, वाढदिवस, मित्रांची मेजवानी या सर्वांना ती पुरते. सण येतो, जत्रा भरते, व्रत धरले जाते, हे मराठी क्रियापदांतील भेद तिच्यात विरतात; पण चार वाक्ये अधिक खर्चून ते भरून काढता येतात. नैतिक प्रश्न उद्भवतो तो ‘ऑं’ या सर्वनामापाशी.

लॅटिनमधील ‘माणूस’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले हे सर्वनाम रोजच्या फ्रेंच बोलण्यात ‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘कोणीही’ या तिघांचेही काम करते. श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ यांतील निवड ते बोलणाऱ्यावर लादत नाही. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीसारख्या गावाची जत्रा या सर्वनामातून सांगून पाहावी. ‘ऑं’ पालखी काढतो, ‘ऑं’ गोडधोड रांधतो, ‘ऑं’ रात्री तमाशा पाहतो. व्याकरणदृष्ट्या वाक्ये निर्दोष आहेत. परंतु पाहणारा आणि नाचणारी यांना एकच कर्ता पुरत नाही. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी ठरवतात. गावाचा सण हा फडाच्या रोजीरोटीचा दिवस असतो. विठाबाई नारायणगावकर (मृत्यू २००२) यांच्या नावाने गाव ओळखले गेले. मात्र जत्रेच्या रात्री गाव सणात असे, तेव्हा त्या कामावर असत.

याचा दोष एकट्या फ्रेंचला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘आपली जत्रा’ म्हणणाऱ्या मराठीजवळ भेद दर्शवणारे सर्वनाम होते, तरीही तिने तो झाकला. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचा, पुण्यात स्थायिक झालेल्या गी पॉइतवॅं यांनी केलेला फ्रेंच अनुवाद १९९० मध्ये निघाला. त्याच्या शीर्षकाचा आशय ‘अस्पृश्य म्हणून माझे जीवन’ असा आहे. गावगाड्याने ठरवून दिलेल्या वाट्याचे नाव त्यात हरवले, ही हानी खरीच. पण त्याजागी आलेले एकवचनी ‘माझे’ हे, गावाच्या ‘आपण’मध्ये न विचारता गृहीत धरलेल्या माणसाला स्वतःचे सर्वनाम परत देते.

परंपरा परक्याला सांगताना, कर्ता बदलतो तेथे वाक्य तोडणे, एवढी जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. पालखी कोणी वाहिली, हलगी कोणी वाजवली, पंगतीत शेवटी कोण बसले, हे वेगवेगळ्या वाक्यांत सांगावे लागते. फ्रेंचमध्ये ते अवघड नाही. अवघड आहे ते मराठीत आधी स्वतःशी कबूल करणे.