बिस्मिल्लाहचे वय

आपल्या अनेक घरांत मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्लाह होते. हा रिवाज आहे, फर्ज नव्हे; पण त्यात मुलाला वाढायला सवड होती आणि पहिले अक्षर घरच्यांच्या मायेत मिळत होते.

आज आपण तिसरे वर्ष सरण्याआधीच बालवाडीचा अर्ज भरतो. मूल रडले तर 'सवय होईल' म्हणतो. कुणी त्याच्या दखनीला हसले की ते गप्प होते, तहानलेलेच घरी येते. मग आपण म्हणतो, ते अजून तयार नाही. पण तयार कोण नाही?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना नावे ठेवली नाहीत.

घरी ठेवणे म्हणजे मायाच, असेही नाही. मुलाला तीन वर्षे पुरेशी वाटतात आणि मुलीला 'अजून लहान आहे' म्हणून धाकट्याजवळ बसवतो, तेव्हा आपण तिचे वय नव्हे, आपली सोय मोजतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हे पूर्वप्राथमिकचे वय मानले. त्यातला आपल्या मुलाचा दिवस कोणता, हे धोरण सांगणार नाही. आई नजरेआड झाली तरी परत येईल हा भरवसा त्याला आहे का, त्याची बोली बाईंना कळते का, हे आपणच पाहायचे.

मूल अमानत आहे. अमानतीत घाई चालत नाही, तशी टाळाटाळही.