बरे होणे म्हणजे काय?

मेंदूला मार लागलेला माणूस शुद्धीवर आला, की घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात. खरी कसोटी मात्र तिथून पुढे सुरू होते. पाय उचलत नाही, नेहमीचा शब्द ओठांवर येत नाही, शांत माणूस तापट होतो. मग जो तो विचारतो, "हा बरा कधी होणार?"

वैद्यकशास्त्र याचे उत्तर एका शब्दात देत नाही. इजा किती खोल, बेशुद्धी किती दिवसांची, वय काय, हे आपल्या हाती नसते. उपचार किती लवकर मिळतात, हे समाजाच्या हाती असते. आमच्या वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. परंतु खेड्यातल्या जखमीला अकोल्या-नागपूरची वाट धरावी लागली, तर वाटेतला प्रत्येक तास मेंदूला महागात पडतो. घराच्या हाती उरतात ते व्यायाम, बोलण्याचा सराव, धीर आणि झेपेल असे काम. अमेरिकेत १८४८ साली फिनिआस गेज याच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. स्वभाव पालटला, तरी पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. रोजच्या ठरीव कामानेच तो सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात.

पण यातूनच एक क्रूर तर्क निघतो. सेवेने माणूस सुधारतो. हा सुधारला नाही, तेव्हा सेवेतच कसूर झाली! हा ठपका बहुधा घरातल्या बाईच्या माथी येतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या कधीच बऱ्या झाल्या नाहीत. २०१५ साली त्या वारल्या. मधली ४१ वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. त्यांना मरण द्यावे अशी याचिका आली, तेव्हा विरोध केला तो या शुश्रूषा करणाऱ्यांनीच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती फेटाळली. मात्र कठोर अटींवर कृत्रिम जीवनाधार काढण्याची वाटही त्याच निकालाने मोकळी केली. असे जगणे कुणासाठी, हा प्रश्न म्हणून मिटला नाही. पण त्या सेवेला कसूर कोण म्हणेल?

सेवेचे मोल रोग्याच्या प्रगतीवर ठरवले, तर जो सुधारत नाही त्याला आपण माणसांतून वजा करतो. यंदाच्या फराळाला अशा घरी गेलात, तर "किती फरक पडला?" असे विचारण्याआधी त्याचे करणाऱ्या बाईला विचारा, "रात्री झोप लागते का?" आणि जमल्यास तासभर तिच्या जागी बसा.