पाचवे कारण

अपघातात घरचे माणूस गेले की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी हमखास एक वाक्य असते, "वेळच आली होती, कोण काय करणार?" त्या घडीला या वाक्याचा आधार वाटतो. पण महिन्याभराने कुणी विमा कंपनीविरुद्ध दावा लावण्याचा विषय काढला, की तेच वाक्य आडवे येते. गेलेल्या माणसाचे पैसे करायचे का, असे घरातलेच कुणी विचारते. प्रारब्धानेच नेले असेल, तर भरपाई मागायची कुणाकडे?

हा प्रश्न भाबडा नाही, आणि त्याचे उत्तर परंपरेतच आहे. गीतेच्या १८व्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यामागे पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना क्रिया आणि दैव. दैव पाचवे आहे, आणि आधीच्या चारांना ते पुसून टाकत नाही. भरधाव चालक, निकामी ब्रेक, दिवे न लावता रस्त्यातच उभा केलेला ट्रक यांची जबाबदारी दैवावर ढकलणे म्हणजे शास्त्राची चार पाने फाडून पाचवेच वाचणे होय.

विम्याबद्दलचा धार्मिक संकोचही जुना आहे. गांधीजींनी मुंबईत एका अमेरिकन एजंटाच्या आग्रहावरून दहा हजार रुपयांची पॉलिसी घेतली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत, खरा रक्षणकर्ता ईश्वरच, या विचाराने त्यांनी ती बंद पडू दिली. ही हकीकत त्यांच्या आत्मकथेत आहे. मात्र तो विमा स्वतःच्या कुटुंबासाठी होता. मोटार वाहन कायदा, १९८८ जो विमा सक्तीचा करतो, तो 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीखाली येऊ शकणाऱ्या अनोळखी माणसासाठी. आपल्या घराचा भार कुणी खुशाल देवावर टाकावा; दुसऱ्याच्या लेकरांचा भार परस्पर देवावर टाकता येत नाही.

मग भरपाई ठरवणारे न्यायाधिकरण माणसाची किंमत करते का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी प्रकरणांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. समजा, ३२ वर्षांचा रिक्षाचालक महिना २०,००० रुपये कमावत होता. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरायचे : २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. मागे चौघे अवलंबून असतील तर त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव हिस्सा वजा : २,५२,०००. या वयाचा गुणक १६. म्हणजे ४०,३२,००० रुपये. अंत्यविधी आणि सहवासाला मुकल्याची ठरावीक रक्कम वेगळी. या आकड्यात तो माणूस कुठेच नाही. त्याच्या हातून घरात जे येत राहिले असते, तेवढेच त्यात आहे.

हिशेब अडतो तो घर सांभाळणाऱ्या बाईपाशी. अर्जात व्यवसाय 'गृहिणी' आणि उत्पन्नाच्या रकान्यात नुसती रेघ. पहाटेचे पाणी, डबे, सासऱ्यांची औषधे, मुलांचा अभ्यास, हे सारे त्या रेघेत गडप होते. २०२१मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे आणि त्यात भविष्यातील वाढही जमेस धरता येते. धर्मग्रंथांनी गृहिणीला गृहस्थाश्रमाचा आधार म्हटले. त्या आधाराची नोंद हिशेबात यायला मात्र इतका काळ जावा लागला.

चूक कुणाची हे सिद्ध होत नसेल, तरीही कायदा पाठ फिरवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४नुसार कुणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात.

म्हणून शोकात असलेल्या घरांना कळकळीने सांगायचे ते हे. भरपाई मागण्यात पाप नाही. ती मृताची विक्री नव्हे आणि कंपनीचा उपकारही नव्हे. दिवसकार्य आटोपले की एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि धडक देणाऱ्या गाडीच्या पॉलिसीचा क्रमांक एका फाइलीत लावा. तडजोडीचा आकडा घेऊन कुणी आले, तर वरचा हिशेब मांडल्याशिवाय सही करू नका. अर्ज आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.