ज्याच्या त्याच्या कानाचं सुख



घरात एखादा ध्वनीचा दर्दी असला, की दिवाणखान्यात टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर येतात. तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुमक वेगवेगळी कानी यावी म्हणून तो स्पीकर वीतभर पुढे-मागे सरकवत राहतो. त्याच्या या ध्यासाला दाद द्यायलाच हवी.

त्याच घरातल्या आजीला मात्र ओट्याजवळ मावेल असा छोटा संच हवा असतो. बटण दाबलं की गाणं सुरू. २०१७ साली आलेल्या ‘कारवाँ’ नावाच्या अशाच एका संचात ५,००० जुनी गाणी आधीच भरलेली होती. ज्येष्ठांना तो आवडला, त्यात या सोपेपणाचा मोठा वाटा होता. वय वाढतं तसे उच्च कंपनांचे बारीक नाद कानाला कमी ऐकू येतात. मग गाण्याचे स्पष्ट शब्द आणि चटकन हाताला लागणारं बटण यांचं मोल वाढतं.

म्हणून आई-वडिलांसाठी संच घेताना आपली हौस त्यांच्यावर लादू नये. दुकानात त्यांनाच बटणं फिरवून पाहू द्यावीत. आणि आज सवड काढून त्यांच्या संचावर, त्यांच्या आवडीचं एक गाणं त्यांच्यासोबत ऐकावं.