किल्ली कोणाच्या हातीं?

एखादी वस्तु आपली आहे असें आपण केव्हां म्हणतों, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तु घरीं आणली, म्हणजे ती आपली झाली, असें व्यवहार सांगतो आणि कायदाहि बहुधा तेंच सांगतो. शेतकरी बैलगाडीला आपली म्हणतो, तेव्हां तिचा आंस मोडल्यास तो सुताराकडून बदलून घेण्याचा, फार काय, गाडी मोडून तिचें सरपण करण्याचाहि अधिकार त्या शब्दांत गृहीत असतो. परंतु जिच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहण्याची आपणांस मनाई आहे, जी केव्हां निकामी ठरावी हें दुसराच कोणी ठरवितो, आणि जी वापरावयाची तर त्याच्या अटी मुकाट्यानें पत्कराव्या लागतात, अशी वस्तु आपल्या घरांत, आपल्या मेजावर असली तरी ती आपली म्हणावी काय? गेल्या हिवाळ्यांत घरच्या संगणकावर आम्हीं प्रथमच लिनक्स बसविलें, तेव्हां हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. तो केवळ यंत्राचा प्रश्न नाहीं असें आम्हांस वाटतें. म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा संगणक २०१४ सालचा. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं यंत्र जुनें झालें म्हणून कोणी टाकून देत नाहीं. विजेचा लपंडाव आणि उन्हाळ्याची धूळ सोसून तें चालत होतें. ज्या प्रणालीवर तें चाले, तिच्या कर्त्या कंपनीनें मात्र तिची देखभाल बंद केली, आणि नवी आवृत्ति या जुन्या यंत्रावर चालणार नाहीं असेंहि कळविलें. यंत्र धडधाकट होतें. संपली होती ती परवानगी. दुसरी अडचण याहून मनास लागणारी होती. वीस-बावीस वर्षांपूर्वीं तापी-पांझरेच्या कांठच्या गांवांतून जात्यावरच्या अहिराणी ओव्या आम्हीं जमविल्या होत्या, आणि त्या काळीं मिळणाऱ्या एका मराठी टंकांत त्या उतरविल्या होत्या. तेव्हांच्या अशा टंकांची रीत अशी कीं, संगणकाच्या पोटीं अक्षरें रोमनच्या खुणांनीं सांठवावयाचीं आणि पडद्यावर तेवढें त्यांना देवनागरीचें रूप द्यावयाचें. तो टंक हाताशीं असेतोंवर 'क' हा 'क' दिसे. टंकाचें साधन नव्या प्रणालीवर चालेनासें झालें कीं त्याच पानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थशून्य खच पडे. ज्या बायांनीं त्या ओव्या सांगितल्या, त्यांपैकीं बहुतेक आतां हयात नाहींत. ओव्या त्यांच्या, टिपण आमचें, आणि किल्ली मात्र तिसऱ्याच्याच खिशांत!

लिनक्सचा इतिहास थोडक्यांत असा आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं 'ग्नू' नांवाची एक प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. ती कोणासहि चालवितां, अभ्यासितां, बदलतां आणि दुसऱ्यास देतां यावी, हा त्यामागील हेतु. १९९१ च्या ऑगस्टांत हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर एक प्रणाली रचीत असल्याचें जगास कळविलें, आणि पुढल्या वर्षीं तिचा गाभा ग्नूच्याच परवान्याखालीं आणला. या गाभ्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळ्यांनीं वापरास सोयीचे संच बांधले. आम्हीं निवडला तो डेबियन, १९९३ सालीं सुरू झालेला. या मंडळीनें वापरणारांशीं केलेला एक 'सामाजिक करार' आहे. तें नांव वाचून रूसोची आठवण होणें साहजिक आहे. परंतु रूसोचा करार कोणी कोठें बसून संमत केल्याचें ऐकिवांत नाहीं. हा मात्र महिनाभर चर्चा होऊन १९९७ सालीं खरोखरच संमत झालेला आहे.

प्रत्यक्ष बसविण्याचा विधि फारसा अवघड नव्हता. सुमारें तीन जीबींची एक फाईल रात्रीं मोबाईलच्या जोडणीवरून उतरवून घेतली. तिच्यासोबत दिलेला पडताळणीचा आंकडा ताडून पाहिला. मग ती पेन ड्राइव्हवर चढविली. यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलें, तेव्हां हार्ड डिस्कला हातहि न लावतां सारी प्रणाली चालवून पाहतां आली. भाषांच्या यादींत मराठी होती. शेवटीं डिस्कचे भाग पाडतांना 'येथील सर्व पुसलें जाईल' असा इशारा मिळाला, आणि यंत्र आमच्या उत्तराची वाट पाहत थांबलें. या क्रमांत एक नीति आहे. आमच्यावर विश्वास ठेवा, असें येथें कोणी म्हणत नाहीं. पडताळा, चालवून पाहा आणि मग ठरवा, असें म्हणतात. संमति खरी ठरावयाची तर तिला दोन अंगें लागतात: कशास संमति देतों याचें ज्ञान आणि नकार देण्याची सोय. लांबलचक मजकुराच्या तळाशीं आपण न वाचतां 'मान्य आहे' यावर बोट ठेवतों, त्या कृतींत या दोहोंपैकीं एकहि नसतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. प्रणालीची मूळ संहिता पाहण्याचा अधिकार मिळाला खरा. पण ती वाचणार कोण? आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. कोट्यवधि ओळींची ती संहिता समोर ठेविली तरी तिच्यांतील चार ओळींचाहि अर्थ आम्हांस लागावयाचा नाहीं. मग जो अधिकार बजावतां येत नाहीं त्याचें मोल काय? या आक्षेपाचें उत्तर आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणींच मिळतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं घरोघर हिंडून, लोकांच्या विनवण्या करून, माळ्यांवर आणि पेट्यांत कोंडलेलीं दप्तरें बाहेर काढलीं, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडामागून खंड छापून लोकांपुढें ठेविलीं. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचा अंत झाला, आणि पुढल्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. तीं साधनें किती जण वाचतात? फारच थोडे. परंतु साधनें उघडीं असलीं म्हणजे न वाचणाराचाहि लाभ होतो. कारण वाटेल तें लिहूं पाहणारास, कोणीतरी मूळ कागद ताडून पाहील, ही धास्ती राहते. ज्ञानाचा अधिकार प्रत्येकानें बजावला नाहीं तरी चालतें. तो कोणासहि बजावतां येतो, एवढ्यानें सर्वांचें रक्षण होतें.

मात्र नुसत्या उघडेपणावर विसंबणें हाहि भोळेपणा होईल. जगांतील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार ज्या 'ओपनएसएसएल' या मोकळ्या साधनावर चालत, त्यांतील 'हार्टब्लीड' हा दोष २०१४ च्या एप्रिलांत उघडकीस आला. तो सुमारें दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. पाहण्यास सर्वच मोकळे होते; पाहण्याचें काम मात्र मोजक्याच माणसांच्या माथीं होतें. दार उघडें ठेवणें वेगळें आणि आंत जाऊन झाडलोट करणें वेगळें.

हें आमच्या पांझरेच्या खोऱ्यांतल्या शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. तेथें शतकानुशतकें चालत आलेल्या फड पद्धतींत बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें एकमतानें ठरावयाचें, पाटकऱ्यानें पाणी क्रमानें द्यावयाचें, आणि ज्यानें पाणी घेतलें त्यानें गाळ काढण्यास कुदळ घेऊन यावयाचें. ग्नूच्या परवान्याचा मथितार्थहि असाच आहे: बदल करून ही वस्तु दुसऱ्यास देशील, तर तुला जी मोकळीक मिळाली तीच त्यासहि दे आणि आपली संहिता त्याच्यापासून लपवूं नको. भेद एवढाच कीं, पाणी घेतल्यानें कमी होतें, संहिता होत नाहीं. म्हणूनच येथें टंचाई ज्ञानाची नसते, कुदळ घेऊन येणारांची असते.

कित्येकांस वाटतें कीं ही सारी फुकटेगिरी आहे. इंग्रजींत मोकळें आणि विनामूल्य या दोहोंस एकच शब्द असल्यामुळें हा घोंटाळा तेथें समजण्यासारखा आहे. आमच्या भाषेंत 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द वेगळे असतांना तो कां व्हावा? लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे पुष्कळ जण आज पगारदार आहेत. येथें त्याग सक्तीचा नाहीं. प्रश्न किंमतीचा नसून ऋणाचा आहे. आमच्या परंपरेनें तीन ऋणें सांगितलीं, त्यांपैकीं ऋषिऋण पैशानें फिटत नाहीं. अध्ययन करून आणि मिळालेलें पुढें देऊनच तें फिटतें.

आमच्या ओव्यांच्या बाबतींत याचा प्रत्यय आला. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास एक ठरीव आणि सर्वांस ठाऊक असा क्रमांक असावा, ही व्यवस्था युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच आहे, आणि त्याच सालच्या भारतीय मानकांत इन्स्क्रिप्ट कीबोर्डाची मांडणीहि आहे. आमच्या जुन्या टंकाच्या खुणा आणि हे क्रमांक यांचा मेळ घालणारी एक तालिका कोण्या अपरिचितानें सिद्ध करून सर्वांसाठीं मोकळी ठेविली होती. तिच्या आधारें ओव्या पुन्हां देवनागरींत आल्या. रफार आणि जोडाक्षरें बऱ्याच ठिकाणीं बिघडलीं होतीं. तीं एकेक करून सुधारिलीं, आणि सुधारणांची यादी तालिकेच्या कर्त्याकडे धाडली. संहिता न वाचतां येणाऱ्या मराठीच्या अध्यापकासहि कुदळ धरण्यास जागा असते, ती ही. पडद्यावरच्या मराठींत अजून कित्येक सूचना इंग्रजींतच राहिल्या आहेत, कित्येकांचें भाषांतर ओबडधोबड आहे. तें काम प्रोग्रामरांचें नव्हे, भाषा जाणणारांचें आहे.

या प्रश्नाची खरी निकड शिक्षणांत आहे. मुलास संगणक शिकविणें आणि एका कंपनीच्या वस्तूंतील बटणांच्या जागा पाठ करविणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. केरळांतील सरकारी शाळांनीं संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणून दाखविलें आहे. आमच्या रायगड जिल्ह्यांतील खैरात या लहानशा गांवच्या शाळेंतहि २००७ सालीं मुलांच्या हातीं लिनक्सवर चालणारे छोटे संगणक देण्यांत आले होते. म्हणजे ही कल्पना आमच्या मातीस परकी नाहीं.

मोकळिकीची सीमाहि सांगितली पाहिजे. आमच्या यंत्रांतील कांहीं सुटे भाग अद्यापि अशा बंद संहितेवर चालतात, जी डेबियनच्या मंडळीसहि उघडतां येत नाहीं. तेव्हां यंत्र संपूर्णपणें आपलें झालें असें म्हणणें खोटें होईल. परंतु कोठली खोली उघडी आहे आणि कोठल्या खोलीस कुलूप आहे, एवढें तरी आतां कळतें. आणि बंदिवासाची जाणीव होणें ही मुक्तीची पहिली पायरी, हें आमच्याकडे फार पूर्वींपासून सांगत आले आहेत. मालकी म्हणजे उपभोगाचा हक्क, ही समजूत अपुरी आहे. जी वस्तु आपणांस जाणतां येते, दुरुस्त करतां येते आणि दुसऱ्याच्या हातीं निःशंकपणें देतां येते, तीच आपली. आणि जिच्यासाठीं आपण गाळ काढावयास जात नाहीं, ती उद्यां आपली राहीलच असें नाहीं.